‘हे तर कुणालाही सुचलं असतं!’ खरंच?

कॉर्नफ्लोअर पाण्यात दाटसर कालवा. बोट हळू घातलं की आत जातं, बुक्की मारली की एकदम कडक. आता समजा, अमेरिकेत कुणी पेटंट मागितलं: स्केटिंगच्या नी-पॅडमध्ये, फोमच्या आत, धक्का बसताच असा कडक होणारा पदार्थ. मिळालं तर अर्जापासून २० वर्षं इतरांना ते पॅड विनापरवाना विकता येणार नाही.

‘ह्यात काय विशेष?’ थांबा. उत्तर समोर असलं की सगळंच सोपं वाटतं. परीक्षकाला अर्जाच्या तारखेआधीच्या जगात जावं लागतं. तेव्हा काय माहीत होतं, दाव्यात वेगळं काय, आणि त्या धंद्यातल्या साधारण जाणकाराला ते सुचलं असतं का? ही चौकट १९६६च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर निकालातली.

फोम जुना, पदार्थ जुना, एवढ्याने पेटंट उडत नाही. दोन्ही एकत्र आणायला कारण हवं. ते कुठे छापलेलंच हवं, हा हट्ट मात्र सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्समध्ये मोडला. तिथे गाडीचं ॲडजस्टेबल पेडल आणि सेन्सर ही जोडी ‘ऑब्व्हियस’ ठरली.

मग आपलं पॅड? तो पदार्थ धक्का शोषतो हे आधीच प्रसिद्ध असेल, आणि दावा ‘फोममध्ये तो पदार्थ’ एवढाच, तर मला तरी कठीण दिसतं. पण विशिष्ट रचनेमुळे धक्का अपेक्षेपेक्षा बराच कमी होतो, हे चाचणीच्या आकड्यांनी दाखवलं तर बाजू भक्कम होते. फक्त ती रचना दाव्याच्या शब्दांत हवी. नुसती चित्रात असून भागत नाही.