विश्लेषण : एका मिनिटाच्या अ‍ॅनिमेशनसाठी ७२० चित्रे हाताने कशाला काढायची?

मार्च २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर ‘घिब्ली’ शैलीतील चित्रांची लाट आली. आपले छायाचित्र द्यायचे, एक ओळ लिहायची आणि थोड्याच वेळात जपानी अ‍ॅनिमेशनपटातील वाटावे असे चित्र मिळवायचे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने आता हलती दृश्येही तयार होतात. तरीही डिझाइनच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला पेन्सिल घेऊन चेंडूची उडी काढायला बसवले जाते. हा वेळेचा अपव्यय की पायाभरणी, हे समजून घ्यायचे तर आधी या कामाचे गणित पाहावे लागते.

७२० चित्रांचे गणित काय?

चित्रपट पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम या गतीने दिसतो. म्हणजे एका मिनिटाला १,४४० फ्रेम झाल्या. प्रत्येक फ्रेमला नवे चित्र काढण्याची गरज नसते. बहुतेक हालचालींत एक चित्र सलग दोन फ्रेम दाखवले तरी चालते. त्यामुळे सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रे पुरतात. फार वेगवान हालचालीला मात्र प्रत्येक फ्रेमसाठी वेगळे चित्र लागते. एका चित्राला दहा मिनिटे धरली तरी ७२० चित्रांना १२० तास होतात. रोज तीन तास बसणाऱ्या विद्यार्थ्याचे हे ४० दिवस, तेही केवळ रेषांसाठी. रंग, पार्श्वभूमी आणि ध्वनी वेगळे.

स्थिर चित्रे हलतात कशी?

एकामागून एक झपाट्याने दाखवलेल्या स्थिर प्रतिमांमध्ये आपला मेंदू गती पाहतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये या भासावरील संशोधन प्रसिद्ध केले. अ‍ॅनिमेशन शिकणे म्हणजे या भासावर ताबा मिळवणे. चेंडूचेच उदाहरण घेऊ. उडीच्या माथ्यावर चेंडू मंदावतो, म्हणून तेथील चित्रे एकमेकांच्या अगदी जवळ काढावी लागतात. जमिनीकडे येताना वेग वाढतो, तसे चित्रांमधले अंतरही वाढत जाते. रबरी आणि लोखंडी चेंडू कागदावर सारख्याच वर्तुळाने दाखवता येतात. त्यांचे वजन कळते ते या अंतरांवरून आणि वेळेवरून. त्यामुळे सुंदर चित्र काढणाऱ्याचा चेंडू हवेत तरंगत राहतो आणि साधी रेघ ओढणाऱ्याचा चेंडू दणकन आपटतो, असेही घडते. डिस्नेचे अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मधील आपल्या पुस्तकात अशी १२ तत्त्वे मांडली. ती आजही अभ्यासक्रमांचा आधार आहेत.

काम कोणत्या टप्प्यांनी होते?

आधी कल्पना, मग स्टोरीबोर्ड. म्हणजे गोष्ट चौकटी-चौकटींत काढायची. त्या चौकटी कच्च्या ध्वनीसह ठरलेल्या वेळेत एकामागून एक दाखवल्या की ‘अ‍ॅनिमॅटिक’ तयार होते. त्यानंतर हालचालीतील मोक्याच्या स्थिती, म्हणजे ‘की’ चित्रे, काढली जातात आणि मग त्यांच्यामधली. कच्च्या रेषांवरच चाचणी घेऊन हालचाल तपासतात. ती जमली, तरच रेषा स्वच्छ करून रंग भरायचे. यासाठी कागद, कागद जागेवर धरून ठेवणारी खुंट्यांची पट्टी, खालून उजेड येणारी काचपेटी आणि छायाचित्र टिपायला मोबाइल एवढे पुरते. टॅब्लेट असेल तर क्रिता किंवा पेन्सिल टूडी ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. घिब्लीने वापरलेल्या टून्झ या सॉफ्टवेअरची मुक्त आवृत्ती ‘ओपनटून्झ’ही २०१६ पासून उपलब्ध आहे.

विद्यार्थी अडतात कुठे?

पहिली चूक लांबलचक गोष्ट निवडण्याची. दुसरी अ‍ॅनिमॅटिक टाळण्याची. मग दीडशे चित्रे रंगवून झाल्यावर प्रसंगच नको होता, हे लक्षात येते. तिसरी चूक सगळी चित्रे समान अंतरावर काढण्याची. त्याने हालचालीतला जीव जातो. काही जण पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग चित्रे काढत जातात आणि पात्राचे डोके नकळत मोठे होत जाते.

कष्ट वाचवण्याच्या युक्त्याही शिकण्याचाच भाग आहेत. साधारण चालीत एका पावलाला १२ फ्रेम धरल्या, तर दोन पावलांचे चक्र २४ फ्रेमचे, म्हणजे १२ चित्रांचे होते. तेच चक्र पुन:पुन्हा वापरून दहा सेकंदांची चाल दाखवता येते. एरवी त्यासाठी १२० चित्रे लागली असती. पण ती १२ चित्रे अचूक हवीत. डोक्यावर हंडा घेतलेली बाई चालताना मान जवळपास स्थिर ठेवते आणि तोल कमरेतून सांभाळते. हे नीट पाहिलेले नसेल, तर हंडा डोक्यावर चिकटवल्यासारखा दिसतो.

भारतात ही परंपरा किती जुनी?

दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या एकेका फ्रेमने हलवल्या होत्या. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनचे रीतसर प्रशिक्षण मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये मिळू लागले. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये तेथे आले आणि १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ तयार झाला. राम मोहन हे याच विभागात घडले. १९७४ मधील ‘एक, अनेक और एकता’ विजया मुळे यांनी केला, तर त्याचे अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचे होते. पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि आयआयटी मुंबईतील औद्योगिक डिझाइन केंद्रात अ‍ॅनिमेशनचे अभ्यासक्रम आले. मात्र शिक्षणाचा एकच मार्ग नसतो. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या गीतांजली राव अ‍ॅनिमेशन स्वत: शिकल्या. त्यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट २००६ मध्ये कान महोत्सवातील समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि गौरवला गेला.

एआयच्या काळात याचा उपयोग काय?

धोका खरा आहे. मधली चित्रे काढणे, रेषा स्वच्छ करणे, रंग भरणे ही नवख्यांना मिळणारी पहिली कामे असत. त्यातूनच ते पुढे शिकत. ही कामे यंत्राकडे गेली, तर शिडीची खालची पायरीच निखळते. केवळ हात चालतो, या बळावर नोकरीची खात्री आज कोणी देऊ नये. दुसरीकडे, हायाओ मियाझाकी यांच्या हाताने काढलेल्या ‘द बॉय अँड द हेरॉन’ला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले, म्हणजे या कलेचा प्रेक्षक संपलेला नाही.

डिझाइनच्या विद्यार्थ्याने यातून कमवायची ती नजर. यंत्राने दिलेल्या दृश्यात पाऊल जमिनीवर टेकते आहे की घसरते आहे, हंड्याला वजन आहे की नाही, पात्र क्षणभर थांबायला हवे होते का, हे ज्याने स्वत: चित्रे काढून आणि फाडून पाहिले आहे, त्याला चटकन कळते. चूक कुठे आहे हे कळले, तर ती दुरुस्त करता येते. न कळणाऱ्याला यंत्र देईल ते स्वीकारावे लागते. पुढे जाऊन हे सगळेच विद्यार्थी हाताने अ‍ॅनिमेशन करणार नाहीत. पण ७२० चित्रांवर घालवलेले ते १२० तास त्यांना हालचाल पारखायला शिकवतात, आणि हे काम त्यांना कोणत्याही साधनाने करावेच लागणार आहे.