लिथियम, मे महिना आणि ‘स्कोप’चा प्रश्न

फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची मुलं दरवर्षी विचारतात, “सर, सायकोफार्माकॉलॉजी आवडते, पण पुढे स्कोप काय?” मनाच्या आजारांवरची औषधं शरीरात जाऊन काय करतात, त्याचा हा अभ्यास. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे मात्र हे काम मानसोपचाराची ओपीडी, औषधशास्त्र विभाग, प्रयोगशाळा आणि मेडिकलचं काउंटर यांच्यात विखुरलेलं असतं. त्यामुळे मी मुलांपुढे पदांची यादी ठेवत नाही, एक फॉर्म ठेवतो आणि म्हणतो, भरा.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायचा हा सरकारी फॉर्म. २०१० साली देशात औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला. आता वैद्यकीय महाविद्यालयांतल्या केंद्रांतून या नोंदी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे जातात आणि तिथून स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक साठ्यात. रुग्ण, औषध, त्रास आणि कळवणारा माणूस, या चार गोष्टी असल्या की नोंद उभी राहते.

सरावासाठी मी जे प्रकरण देतो ते दोन-तीन रुग्णांचं मिळून केलेलं आहे, ओळख पटू नये म्हणून. सोलापूरच्या पूर्व भागातला पन्नाशीचा यंत्रमाग कामगार. बायपोलर आजार, लिथियमच्या गोळीवर कित्येक वर्षं ठीक. मे महिन्यात हात थरथरायला लागले, मग उलट्या-जुलाब, मग चालताना तोल जाऊ लागला आणि जीभ जड झाली. शेजारी म्हणाले, प्यायलाय. घरच्यांना वाटलं, जुना आजार उलटला.

मुलं फॉर्म भराभर भरत जातात. वय, वजन, त्रास सुरू झाल्याची तारीख, संशयित औषध, डोस. ‘सोबत घेतलेली इतर औषधं’ या रकान्याशी आली की लिहितात, ‘नाही’. कारण बायकोने तसंच सांगितलेलं असतं. मग मी ओपीडीतला संवाद जसाच्या तसा सांगतो.

“दुसरं काही औषध चालू आहे का?”

“नाही ओ.”

“कंबर दुखली तर काय करतात?”

“मेडिकलमधून गोळी आणतात की. ते औषध नव्हे, दुखायची गोळी.”

ती गोळी डायक्लोफिनॅकची निघते. आठ दिवस, रोज दोन.

इथून खरा अभ्यास सुरू होतो. किडनीच्या लेखी लिथियम म्हणजे जवळपास सोडियमच. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर घाम गाळला, अंगातलं मीठ-पाणी कमी झालं, की किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांमुळे तर ते बाहेर पडणं आणखी मंदावतं. डोस तोच राहतो, रक्तातलं प्रमाण मात्र चढत जातं. कंबरदुखीला पॅरासिटामॉल घेतलं असतं तर हे सहसा झालं नसतं. बीपीसाठी कुणी अचानक मीठ तोडायला सांगितलं, शेंगाची चटणी आणि लोणचं एकदम बंद केलं, तरी लिथियम वाढतं. पारा ४३ अंशांवर जाणाऱ्या गावात हे माहीत असलेला माणूस मेडिकलच्या काउंटरवर असणं किती मोलाचं, हे मुलांना इथे कळतं.

पुढची पायरी रक्ताची. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचा, नाहीतर आकडा फसवतो. आणि हिरव्या टोपणाच्या नळीत घ्यायचा नाही, कारण तिच्यात रक्त गोठू नये म्हणून बहुतेक वेळा लिथियम हेपरिन असतं. नळीतलंच लिथियम रिपोर्टमध्ये येतं आणि धडधाकट माणसालाही विषबाधा झालेली दिसते. एरवी प्रमाण लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल ठेवतात. आमच्या माणसाचं १.८ येतं. लिथियम आणि डायक्लोफिनॅक दोन्ही थांबवून सलाइन लावलं की तो हळूहळू सावरतो.

मग दोष कुणाचा, याचा हिशोब. त्यासाठी १९८१ साली आलेली नारांजोची दहा प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. असे प्रकार आधी नोंदले गेलेत का? एक गुण. त्रास औषधानंतर सुरू झाला का? दोन. थांबवल्यावर उतरला का? एक. रक्तात विषारी पातळी? एक. तपासणीत खूण सापडली? एक. दुसरं कारण असू शकतं का? उलट्या-जुलाब उन्हाळी गॅस्ट्रोचेही असू शकतात, म्हणून एक वजा. बेरीज पाच, म्हणजे ‘बहुधा औषधामुळे’. पण ही पट्टी एका औषधासाठी बेतलेली. दोन औषधांची हातमिळवणी तिला नीट पकडता येत नाही. त्यावर वर्गात वाद रंगतो, आणि वाद घालणारी मुलं मी मनात टिपून ठेवतो.

आता स्कोपचं. या एका फॉर्मवरून किती हात फिरले ते मोजा. ओपीडीत खोदून विचारणारा क्लिनिकल फार्मासिस्ट, त्यासाठी सहा वर्षांचा फार्म.डी. आहे. कारणमीमांसा ठरवणारा औषधशास्त्र विभाग, तिथे एमबीबीएसनंतर एम.डी. किंवा एम.फार्म. करून पोचता येतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत अशाच नोंदी संगणकावर तपासणारी, संकेतांक लावणारी शेकडो मुलं आहेत. काम टार्गेटचं, पण सुरुवातीला नोकरी बहुधा तिथेच मिळते. झोपेच्या आणि चिंतेच्या कितीतरी गोळ्या एच-१ यादीत आहेत. त्यांची वेगळी वही तीन वर्षं जपावी लागते, आणि ती तपासणारा औषध निरीक्षक लागतो. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत ऑक्टोबर २०२३ मध्ये मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना पकडला गेला. रसायनं ओळखणाऱ्या माणसांची गरज पोलिसांना आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांनाही असते.

संशोधनाची वाटही अशा निरीक्षणातूनच निघाली. मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातलं रिसर्पिन स्किझोफ्रेनियासाठी वापरात आलं, आणि ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात हे लक्षात आल्यावर नैराश्याच्या रसायनशास्त्राचा विचार पुढे सरकला. ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांचा लिथियमवरचा लेखही १९४९ चाच.

म्हणून मुलांना सांगतो, पदवी कुठली ते पुढे बघू. आधी सिव्हिलच्या ओपीडीबाहेर बसा, इथल्या रुग्णांशी बोलण्यापुरती थोडी तेलुगू आणि कन्नड शिका, आणि “दुसरं काही घेता का?” हा प्रश्न तीन वेगळ्या तऱ्हांनी विचारून बघा. पहिल्या ‘नाही’वर ज्याचं समाधान होतं, त्याने दुसरा विषय घ्यावा.