विजेची मोटार : शर्यत की क्रांती?

पेट्रोलच्या वेगवान मोटारीहून विजेची मोटार चपळ निघाली, सबब वाहनांच्या जगात क्रांती झाली, असे आज पुष्कळांच्या तोंडून ऐकू येते. या म्हणण्यात तथ्य किती, याचा थोडा विचार करू.

चपळाईविषयी वाद नाही. पेट्रोलच्या एंजिनास पूर्ण जोर येण्यापूर्वी काही गती घ्यावी लागते. विजेच्या यंत्राचा जोर पहिल्या क्षणापासूनच हाती असतो. परंतु ही गोष्ट नवी नव्हे. ताशी 100 किलोमीटरची मर्यादा ज्या मोटारीने प्रथम ओलांडली, ती विजेचीच होती. बेल्जियमच्या कामिय जेनात्झी याने 1899 साली फ्रान्समध्ये ती हाकली. तथापि पुढे पेट्रोलच विजयी झाले. कारण त्या काळची बॅटरी जड असे, लवकर रिती होई आणि भरण्यास फार वेळ घेई. पेट्रोलची टाकी काही मिनिटांत भरे. तात्पर्य, शर्यत जिंकणे म्हणजे क्रांती नव्हे.

मग क्रांती कशास म्हणावी? आपल्या यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी 'शकुंतला' आठवा. कापूस वाहण्यासाठी घातलेल्या त्या अडीच फुटी रुळांवर 1994 पर्यंत वाफेचे एंजिन धावले. पुढे डिझेलचे आले. एंजिन पालटले, पण रूळ तेच आणि चालही मंदच राहिली. उलट 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली आगगाडी धावली. विजेची गाडी चटकन वेग घेते, म्हणून स्थानके जवळजवळ असूनही एकामागून एक गाड्या सोडता येतात. ज्या गुणाचे शर्यतीत कौतुक होते, तोच गुण तेथे लाखो कामकऱ्यांच्या उपयोगी पडला. क्रांतीची खरी खूण ही होय.

याच कसोटीवर आजची मोटार पारखावी. पेट्रोलमधील शक्तीचा सुमारे चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली बहुतेक उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या गाडीत बॅटरीतील शक्तीचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग चाकांस मिळतो. शिवाय आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलाचा चार पंचमांशांहून अधिक भाग परदेशांतून विकत घ्यावा लागतो. वीज मात्र स्वदेशी निर्माण होते. ज्या पुणे-अहमदनगर मार्गावर 1 जून 1948 रोजी एस. टी. ची पहिली गाडी निघाली, त्याच मार्गावर 1 जून 2022 रोजी तिची 'शिवाई' ही विजेची गाडी सुरू झाली. गरिबाच्या प्रवासास वीज लाभली, हे शर्यतीतील कोणत्याही विजयाहून मोठे आहे.

तरीपण एक गोष्ट विसरता कामा नये. महाराष्ट्राची बरीचशी वीज अद्याप कोळशावर तयार होते, आणि तो कोळसा आपल्याच जिल्ह्यातील वणीच्या खाणींतूनही निघतो. मोटारीच्या मागचा धूर नाहीसा झाला, तरी विजेच्या कारखान्याच्या धुराड्यातून तो निघतच असतो. खाणीजवळच्या गावांस धूळही सोसावी लागते. यास्तव ही क्रांती आज अर्धीच झाली आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

विदर्भाच्या उन्हास आपण सारे कंटाळतो. पण ईश्वराने मुक्तहस्ताने दिलेल्या त्याच उन्हापासून आता वीज होऊ लागली आहे. त्या विजेवर शेतकऱ्याचा कापूस बाजारास जाईल आणि खेड्यातील मूल शाळेस येईल, तेव्हा ही क्रांती पूर्ण होईल. ती घडविण्याचे काम, बालमित्रहो, तुमच्या पिढीकडे आहे.