घशातला जंतू, हृदयाची झडप आणि पिंपरीचं पेनिसिलिन

स्ट्रेप्टोकॉकस म्हणजे माळेत ओवल्यासारखे दिसणारे गोल जिवाणू. रक्त घातलेल्या आगार या वाढमाध्यमावर काही जाती तांबड्या पेशी पार फोडतात, वसाहतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. काहींभोवती नुसती हिरवट छटा. कडंवाल्यांचे रिबेका लान्सफिल्ड यांनी १९३३ मध्ये पेशीभित्तिकेतल्या शर्करेवरून गट पाडले. त्यांतला ‘बी’ गट नवजात बाळांना छळतो. ‘ए’ जास्त कावेबाज: त्याने दुखलेला घसा बरा होतो आणि कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात, प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते. अशा खराब झडपेवर पुढे तोंडातले हिरवट छटावाले ठाण मांडतात. घसादुखी बहुधा विषाणूंचीच असते, पण ‘ए’ सापडला तर पेनिसिलिन आजही लागू पडतं. पेनिसिलिन बनवण्यासाठीच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली.