दाराखालचा पंखा

नाशिककडची मुलं डिसेंबर-जानेवारीत कानटोपी आणि स्वेटर घालून शाळेत का जातात, हे मुंबईच्या मुलांना सांगून पटत नाही. निफाडला एखाद्या पहाटे पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो! खिडक्या लावल्या, कडी घातली, गोधडी डोक्यावरून घेतली, तरी पावलं गारच. खाली अंथरूण घालून झोपणाऱ्याला तर वाटतं, कुणीतरी पायाशी पंखा लावून ठेवलाय. हा पंखा कुठे असतो, सांगू? दाराखाली.

मुलांनो, एक पट्टी घ्या आणि आपल्या खोलीच्या दाराखालची फट मोजा. दार साधारण ९० सेंटिमीटर रुंद आणि फट १ सेंटिमीटर उंच असेल, तर तिचं क्षेत्रफळ झालं ९० चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्ड असतं १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. फट जवळजवळ पाऊण पोस्टकार्डाएवढी भरली की! सुतारकाकांनी दाराच्या मधोमध एवढं भोक ठेवलं असतं, तर आईनं त्यांना पैसे दिले असते का? तेच भोक खाली आडवं पसरलं, की कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

जुन्या वाड्यांमध्ये याचा बंदोबस्त होता. त्याचं नाव उंबरठा. ‘उंबरठ्यावर बसू नये’ असं आजी म्हणते ते वेगळं, पण उंबरठ्याचं मुख्य काम म्हणजे दाराची फळी येऊन त्याला टेकणार आणि वारा, पावसाचं पाणी, विंचूकाटा बाहेर राहणार. फ्लॅटमधल्या आतल्या खोल्यांना आता उंबरठे नसतात. केर काढायला सोपं जातं, आजोबांचा पाय अडखळत नाही, त्यामुळे ते गेले याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण फट मागे राहिली.

शिवाय लाकूडही आपल्याला फसवतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन दार फुगतं आणि फरशीला घासायला लागतं. मग सुतार येतो, खालून रंधा मारतो, दार झकास फिरायला लागतं. हिवाळ्यात तेच लाकूड सुकून आक्रसतं, आणि रंधा मारलेला भाग तर काही परत येत नाही. दार तासायचं तर पावसाळ्यात बेतानंच तासावं, ते याचसाठी.

पण थंडी खालूनच का शिरते? गरम हवा हलकी, थंड हवा जड. माणसांच्या ऊबेनं खोलीतली हवा तापते, वर चढते आणि वरच्या झरोक्यातून बाहेर निसटते. तिची जागा घ्यायला बाहेरची गार हवा खालच्या फटीतून आत येते. हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर संक्रांतीच्या पतंगाचा ताव उपयोगी पडेल. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. थंडीच्या रात्री पंखा बंद करून ती दाराखालच्या फटीपाशी धरा, मग स्टुलावर चढून दाराच्या वरच्या फटीपाशी. (स्टूल कुणाला तरी धरायला सांगा.) बऱ्याचदा खाली पट्टी खोलीच्या आत झुकते आणि वर बाहेरच्या बाजूला. फट नेमकी कुठे जास्त आहे ते कळायला आणखी सोपी युक्ती आहे. खोलीत अंधार करा आणि बाहेरच्या बाजूनं फरशीवर बॅटरी लावा. उजेड जिथून आत येईल, तिथून वाराही येणार.

आता फट बुजवायची. बाबांच्या जुन्या पँटचे दोन पाय कापून घ्या. एकेक पाय उभा चिरून त्याच्या मनगटाएवढ्या जाडीच्या नळ्या शिवा. दाराएवढी लांबी भरेना, तर तुकडे जोडा. आत चिंध्या ठासून भरा. धान्य किंवा कोंडा नको, उंदरांना आमंत्रण जाईल! झाले दोन छोटे लोड. एकच लोड दाराशी टेकवून ठेवला तरी वारा थांबतो, पण दार उघडलं की तो बाजूला लोटला जातो, आणि बाहेर गेलेल्या माणसाला तो आतून परत कसा लावता येणार? म्हणून दोन लोड. दाराच्या जाडीएवढी, म्हणजे साधारण ३-४ सेंटिमीटर रुंद कापडाची पट्टी मध्ये घालून दोन्ही एकमेकांना शिवून टाका. पट्टी दाराखालून सरकवायची. एक लोड आत, एक बाहेर. दार फिरेल तसे तेही फिरतात.

शिवणाचा कंटाळा असेल, तर सायकलची पंक्चर काढून काढून दमलेली ट्यूब उभी चिरा आणि मोठ्या माणसांकडून दाराच्या खालच्या कडेला खिळ्यांनी ठोकून घ्या. रबर फरशीला नुसतं टेकलं पाहिजे. फार दाबलं तर दार ओढताना कुरकुरेल. हार्डवेअरच्या दुकानात रबर किंवा ब्रश लावलेली तयार पट्टीही मिळते.

शेतावर किंवा गावाबाहेर राहणाऱ्यांनी ही पट्टी बाहेरच्या दाराला लावावीच, ती थंडीसाठी नव्हे. पेन्सिल सरकेल एवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू आत येतं आणि उंदरांमागे साप. मण्यार तर रात्रीच हिंडते, आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तरी पुष्कळदा वेदना इतकी कमी, की त्याला जागही येत नाही. विष मात्र श्वासाचे स्नायू लुळे करतं. असा संशय आला तरी वेळ न दवडता दवाखाना गाठायचा.

फटी बुजवण्याचा उत्साह आला, की मुलं घरभर लोड लावत सुटतात. थांबा! काही फटींना हात लावायचा नाही.

पहिली, गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराची. गिझरची ज्योत हवेतला प्राणवायू वापरते. तो कमी पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहूनही घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस तिथेच कोसळतो. असे मृत्यू आपल्याकडे झालेले आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर बसवणं हेच खरं शहाणपण. बाबांना आज विचारा, आपला कुठे आहे?

दुसरी, कोळशाची शेगडी. बंद खोलीत ऊबेला शेगडी ठेवून झोपायचं नाही, आणि फटी बुजवून तर मुळीच नाही. तिथेही तोच वायू. झोपलेल्याला डोकं दुखल्याचंसुद्धा कळत नाही.

तिसरी, स्वयंपाकघराची बाहेर उघडणारी फट. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर फरशीवर साचतो, आणि त्याला बाहेर जायला खालचीच वाट लागते.

झोपायच्या खोलीतही वरचा झरोका उघडा असू द्या. माणसांना श्वास घ्यायला हवा लागतेच.

मे महिन्यात लोड माळ्यावर टाकण्याची घाई करू नका. घरात एसी असेल, तर गार हवा जड असल्यामुळे आता तीच त्या फटीतून बाहेर ओघळते. लोड तिथेही कामाला येतो. कूलर असेल तर मात्र काढून ठेवा, कारण कूलरची दमट हवा बाहेर जायला वाट हवी. जून लागला की लोड कडकडीत उन्हात वाळवून डब्यात ठेवायचा. ओला राहिला तर बुरशी धरतो, आणि तोपर्यंत दारही फुगायला लागलेलं असतंच.