कादंबरीतील आरमार व खरे वल्हेकरी

आपल्या शेळगावाकडील विद्यार्थ्यांस समुद्राची पहिली ओळख होते ती बहुधा पुस्तकात. नीरा जवळून वाहते खरी, परंतु तिचे पाणी भीमा-कृष्णेच्या मार्गाने पूर्वसमुद्रास जाते. कोकणच्या दर्याशी तिचा काही संबंध नाही. त्यामुळे आरमारी युद्धाची कादंबरी हाती आली म्हणजे तीत खरे किती व रचलेले किती, हे ताडून पाहणे आपल्या मुलांस कठीण जाते.

ल्यू वॉलेस या अमेरिकन ग्रंथकाराची 'बेन-हर' ही कादंबरी १८८० साली प्रसिद्ध झाली. तिचा यहूदी नायक निरपराध असूनही रोमन युद्धनौकेवर गुलाम म्हणून वल्ही मारण्यास धाडला जातो. पुढे लढाईत नौका बुडते आणि तो रोमन सरदाराचे प्राण वाचवितो. हे वर्णन इतके चटका लावणारे आहे की, रोमन वल्हेकरी म्हणजे साखळदंडाने जखडलेला गुलाम, अशी समजूत जगभर दृढ झाली. वस्तुस्थिती निराळी आहे. ते वल्हेकरी सामान्यतः स्वतंत्र व पगारी असत. बादशाही अमलात सव्वीस वर्षे चाकरी केल्यावर त्यांस रोमन नागरिकत्वही मिळू लागले. कैद्यांस वल्ह्यांशी जखडण्याची शिक्षा भूमध्यसमुद्रावर रूढ झाली ती पुष्कळ शतकांनंतर. शत्रूच्या कुशीत नेमकी धडक द्यावयाची, तर शेकडो वल्ही एका तालावर पडली पाहिजेत. वॉलेससाहेबांनी कथेच्या ओघात या कसबाकडे दुर्लक्ष केले, असे मला वाटते.

आपल्याकडे गो. नी. दांडेकरांनी 'दर्याभवानी'त शिवकालीन आरमाराची कथा सांगितली आहे. ती वाचणाराने गुराब व गलबत यांतील भेद ध्यानी ठेवावा. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिच्या निमुळत्या नाळेवर, म्हणजे पुढल्या टोकावर, तोफा असत. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. आंग्र्यांच्या आरमाराची रीत इंग्रज इतिहासकार ऑर्म याने वर्णिली आहे. वारा पडला की गलबते वल्ह्यांच्या बळावर गुराबांस ओढून नेत. शत्रूच्या बाजूच्या तोफा चुकवून ती पिछाडीस जात आणि तेथून त्याच्या डोलकाठ्यांवर मारा होई. शिडे मोडून जहाज पांगळे झाले म्हणजे मग शेकडो लोक तलवारी उपसून त्यावर चढत. कादंबरीत ही तलवार पानेच्या पाने चालते; वल्हे दोन ओळींत आटोपते!

१६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली, तेव्हा इंग्रजांनी बेटास वेढा घातला. ऑक्टोबरातील लढाईत त्यांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांनी पकडले; 'रिव्हेंज' या जहाजाने मात्र मराठी ताफ्यास मागे रेटले. तरीही बेटावर रसद पोहोचतच राहिली. मोठ्या जहाजांना त्या लहान, चपळ होड्या सापडेनात. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली व खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. दौलतखान, केग्विन ही नावे इतिहासात आली आहेत. ती रसद वाहणाऱ्या वल्हेकऱ्यांपैकी एकाचेही नाव आपणास ठाऊक नाही.