कोडिंग क्लास काढायचाय? आधी एक सत्र फुकट शिकवा

"सर, कोडिंग क्लास काढतोय, किती कॉम्प्युटर घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझं उत्तर: सध्या एकही नको. जागेचं डिपॉझिट भरण्याआधी जवळपासच्या शाळांत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. नीती आयोगाच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब कुठे आहे ते विचारा. ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते, आणि तिथे स्वयंसेवक मेंटॉर घेतात. लॅब नसेल तर गावातलं वाचनालयही चालेल. 'स्क्रॅच' मोफत आहे, एकदा डाउनलोड केलं की नेट नसलं तरी चालतं.

मी स्वतः पहिल्या दिवशी तासभर फळ्यावर 'व्हेरिएबल' समजावत बसलो. पुढच्या शनिवारी निम्मी मुलं गायब! मग स्क्रॅचमधलं मांजर पळवून दाखवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. हीच चूक फी घेऊन केली असती तर पालक पैसे परत मागायला दारात उभे राहिले असते.

आणि हो, शाळेत क्लासची पॅम्प्लेटं वाटू नका. पोरं तुमच्यासाठी शनिवारचं क्रिकेट सोडून येतात. सत्र अर्ध्यावर सोडणार असाल तर सुरूच करू नका. किती शनिवार, किती वाजता, हे मुख्याध्यापकांना पहिल्याच भेटीत लिहून द्या.